रुमालाची जागा

गुरुवार, ९ नोव्हेंबर १९७२

आज सातच्या एस.टी.त एक माणूस खिडकीतून आला. आधी पायताणं आली, मग पिशवी, मग डोकं, आणि शेवटी उरलेला माणूस माझ्या मांडीवर. मी म्हटलं, "पाव्हणं, दार तिकडं आहे." तर म्हणाला, "दारात गर्दी हाय, म्हून हिकडनं आलो." सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण नगरहून परत आल्यापासून ते हसू खटकतंय. म्हणून ही डायरी काढली. नगरच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने जानेवारीत दिली होती, तेव्हापासून कोरीच पडून आहे.

सायकलवाल्याचे कान तिखट असतात. चाक फिरलं की बेअरिंगमधला कोणता छर्रा फुटलाय ते मला बघावं लागत नाही. तसंच गाडीतल्या बोलण्याचं. गेल्या वर्षापर्यंत "जरा सरकता का" ऐकू यायचं. आता "सरक की" ऐकू येतं. उद्या कोपर ऐकू येईल.

पाथर्डीच्या याच स्टँडवर वयाच्या अकराव्या वर्षी मी लोकांच्या ट्रंका मोटारीच्या टपावर चढवत होतो. खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या तेव्हा. तिकीट काढूनही मला बाकावर बसू देत नसत, लोकांचे कपडे मळतील म्हणून. खाली, पायांमध्ये. पुढे पंक्चर काढली, सायकली भाड्याने दिल्या, दुकान केलं, पाटी लावली: सूर्यभान सायकल मार्ट. पण मी खरा माणसात आलो तो ज्या दिवशी माझा रुमाल बाकावर राहिला त्या दिवशी.

खिडकीतून रुमाल टाकला की जागा झाली. याला कायदा नाही, कागद नाही. पण दुसऱ्याच्या रुमालावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळत होतं. नऊ वर्षं झाली, उजव्या अंगाची तिसरी खिडकी माझी. सोमवारी आणि गुरुवारी, माल आणायला नगरला जायच्या दिवशी, साडेसहालाच कंडक्टर पीरमहंमद माझा निळ्या चौकटीचा रुमाल तिथं ठेवतो. मी समोरच्या हॉटेलात चहा घेतो. ड्रायव्हर छगन हॉर्न देतो, तो माझ्यासाठी. मग मी उठतो.

पीरमहंमदसारखा कंडक्टर या रस्त्यावर दुसरा नाही. म्हाताऱ्या बाईला "आई, पायरी उंच आहे" म्हणून हात देतो. तिकीट देताना "घ्या" म्हणतो. साधा शब्द आहे, पण ऐकून बघावा.

सोमवार, २० नोव्हेंबर

करंजीच्या घाटात दुष्काळी काम निघालंय. खडी फोडायची. एरवी या दिवसांत आमच्या पूर्वेकडची माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर गेलेली असतात. औंदा उसातच जीव नाही, म्हणून सगळी घाटात. जाताना गाडीत, येताना गाडीत. अंगावर दगडाची पांढरी भुकटी, हातात कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं फडकं. घाटात थांबा नाही, पण पीरमहंमद खडीच्या ढिगाशी घंटी मारतो आणि छगन थांबवतो.

मी ठरवलं, नुसतं कण्हत बसण्यात अर्थ नाही. सकाळी स्टँडवर खडूने रेघ मारली आणि लोकांना म्हटलं, या रेघेवर उभे राहा, एकामागे एक. गोड बोलूनच सांगितलं. एक जण म्हणाला, "शेठ, आमी शाळंत आलोय व्हय? छडी बी आना मग." दुसऱ्याने विचारलं, "आन तुमी कुटं उबं ऱ्हाता?" मी म्हटलं, "माझा रुमाल उभा आहे आत." चांगलाच पिकला हा विनोद. मीच दोनदा सांगितला.

रेघ पाच मिनिटं टिकली. गाडी लागली तशी लोकांच्या पायांनी पुसून गेली. मी चहा घेऊन आलो तेव्हा तिची खूणही नव्हती.

गुरुवार, ७ डिसेंबर

थोडकं लिहितो, डोळे चुरचुरताहेत. आज घाटातून एक म्हातारी चढली, कौडगावला उतरली. तिकिटाच्या वेळी पदराची गाठ सोडत बसली. गाठीत काही नव्हतं, ते तिलाही माहीत असावं. पीरमहंमद वाकून हळूच म्हणाला, "आजी, राहू द्या. तुमचं मी धरलं." कुणाला ऐकू गेलं नाही, मला गेलं. भला माणूस. आजच्या काळात असं कोण करतं?

कौडगाव सुटल्यावर तिकीट टोचायच्या चिमट्याचा एक खट् आवाज आला. कुणी नवीन चढलं नव्हतं. जुनी सवय असेल हाताची. माझाही हात रिकामा असला की हवेत पाना फिरवतो.

सोमवार, १८ डिसेंबर

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

छगनचा हॉर्न ऐकून मी उठलो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बाजूला करत तिसऱ्या खिडकीशी गेलो, तर तिथं एक बाई. खडीवरची. पायाला चिंधी बांधलेली. माझा रुमाल तिच्या हातात.

"दादा, ह्यो तुमचा व्हय?" म्हणाली. "घडी घालून ठिवलाय. मळला न्हाई."

"बाई, ही जागा धरलेली आहे."

"कुनी?"

"रुमाल दिसला नाही?"

"दिसला की. पर त्येचे पाय दुखत न्हाईत, माजे दुखत्यात."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "दगडाबाई, सोडू नगं!" मी हाक मारली पीरमहंमदला. म्हटलं, आता हा निकाल लावील. तो आला, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "शेठ, बाईच्या पायात खडीची कपची गेलीय. नगरच्या दवाखान्यात निघालीय. करंजीला तुमची सोय करतो."

"जागा तू ठेवलीस आणि तूच उठवतोस?"

"जागा तुमचीच, शेठ. आजच्या दिवस रुमालाला उभं करू या."

माझाच विनोद. गाडी अशी हसली की छगनने आरशातून बघितलं. पीरमहंमदही हसला, आणि माझं तोंड बघून थांबला.

मी उभा राहिलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दगडाची भुकटी माझ्या कोटाला लागत होती आणि कुणाचं तरी गाठोडं माझ्या गुडघ्यावर. तिसगाव गेलं, करंजी आलं. पीरमहंमदने एक जागा दाखवली, मी मान हलवली. आता जागा नको होती. घाट लागला तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "तक्रारीची वही दे."

 त्याने पेटीच्या खालून वही काढली. दोन्ही हातांनी दिली. पेनही दिलं. घाटाची वळणं, हात ठरेना, तेव्हा त्याने आपली तिकिटांची पेटी पोटाशी आडवी धरली, म्हणाला, "यावर ठेवा, शेठ." मी त्याच्या पेटीवर वही ठेवून लिहिलं. लिहून होईस्तोवर तो खिडकीबाहेर तोंड करून उभा होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये तसा.

वयाच्या तिसाव्या वर्षी मी अक्षर शिकलो, पण वळणदार शिकलो. चार मुद्दे काढले. एक, प्रवाशाशी चारचौघांत उपमर्दाचं वर्तन. दोन, उभ्या प्रवाशांची मर्यादा अकरा असताना चौतीस उभे (मोजले). तीन, घाटात थांबा नसताना गाडी थांबवणे. तीनच मुद्दे जरा उघडे वाटत होते. अर्ज भरदार दिसावा म्हणून चौथा घातला: सात डिसेंबर रोजी एका वृद्धेस विनातिकीट प्रवास करू दिला. खाली सही, पत्ता.

वही परत घेताना तो म्हणाला, "घ्या, पेनाचं टोपण पडलं तुमच्या पायाशी." मग स्वतःच उचललं.

मंगळवार, १९ डिसेंबर

मालनबाईला सांगितलं. बायको असली तरी ती माझी बाजू घेईलच असं नसतं. भाकरी थापत ऐकत होती.

"लिव्हलं काय?"

"वस्तुस्थिती."

"त्येनं वाचलं?"

"नाही. तोंड फिरवून उभा होता."

"मग तुमी बी फिरवायचं हुतं."

मी म्हटलं, असं सगळ्यांनी तोंड फिरवलं म्हणूनच ही पाळी आली. वरून दोन शब्द ऐकवतील त्याला, पुन्हा शिस्त येईल. तक्रार माणसावर नाही, बेशिस्तीवर आहे.  तव्यावरची भाकरी करपली, तिची कधी करपत नाही.

गुरुवार, २१ डिसेंबर

रुमाल जागेवर! साडेसहाला बघितलं, तिसरी खिडकी, घडी करून. पीरमहंमद नेहमीसारखा "या शेठ" म्हणाला. तिकीट देताना "घ्या" म्हणाला. अर्ज लागू पडला म्हणायचा. छगनने तेवढा हॉर्न दिला नाही. मी आपणहून उठलो, विसरला असेल.

सोमवार, ८ जानेवारी १९७३

जुन्या डायरीतल्या तारखा संपल्या. मागे कोरी पानं आहेत, त्यांवर लिहितो.

आज गाडीला नवाच कंडक्टर होता, पुंजाराम नावाचा. मी विचारलं, पीरमहंमद रजेवर का? छगन समोर बघत म्हणाला, "तुमाला ठावं असंल." नगरला न जाता उतरून दुकानी आलो. दुपारी दुकानात एस.टी.च्या कचेरीतले साहेब आले. सफारी घातलेले, घाम पुसत. माझ्या अक्षराची तारीफ केली. म्हणाले, असे जागरूक नागरिक हवेत. मी चहा मागवला. मला वाटलं, रांगेबद्दल विचारतील. मी खडूच्या रेघेचं सांगायला घेतलं, तर त्यांनी हात वर केला.

"मुद्दा चार. म्हातारी विनातिकीट. हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"ऐकलं. म्हणजे पाहिलंही. पण साहेब, मुख्य मुद्दा पहिला आहे."

"पहिल्याला समज देतात. दोन-तीनला दंड. चौथ्याला नोकरी जाते. त्याला घरी बसवलंय चौकशी होईस्तोवर. हे खरं आहे ना?"

मी बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "ते मी सहज लिहिलं."

"सहज की खरं?"

आता खरं तर होतं. आयुष्यभर मी खोटी सही केलेली नाही. मी म्हटलं, "खरं."

"मग इथं सही करा."

मी म्हटलं, हेही लिहा की माणूस फार चांगला आहे, नऊ वर्षं पाहतोय. साहेबांनी कागद उलटून पाहिला. "त्याला रकाना नाही," म्हणाले.

सही केली.

शुक्रवार, १२ जानेवारी

दुपारी पीरमहंमद घरी आला. खाकी नव्हती अंगावर, पांढरा सदरा. त्याला खाकीशिवाय मी कधी बघितलंच नव्हतं. उंबऱ्याशी उभा राहिला. मालनबाई म्हणाली, "आत या की भाऊ, परक्यावानी काय?" तरी मी "बस" म्हणेपर्यंत बसला नाही.

बराच वेळ माझ्या धंद्याची चौकशी करत होता. शेवटी म्हणाला, "शेठ, त्या म्हातारीचं तिकीट मी फाडलं होतं. माझ्या खिशातून. ती उतरल्यावर फाडलं, तिच्या देखत फाडलं तर ओशाळली असती. पण त्याला साक्षीदार कोण? पंचवीस तारखेला अकरा वाजता नगरच्या कचेरीत चौकशी आहे. तुम्ही येऊन एवढं म्हणालात, की फाडलं नाही असं मी पाहिलेलं नाही, तरी निभेल."

मी उठून डायरी काढली. पानं चाळली. सात डिसेंबर. कौडगाव सुटल्यावर चिमट्याचा खट् आवाज. कुणी नवीन चढलं नव्हतं. माझ्याच अक्षरात!

वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटले आणि पुटपुटला काहीतरी, अल्लाचं नाव असावं. मालनबाईने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. माझे कान म्हणजे कान!

इथंच सगळं मिटलं असतं. पण मनात एक खडा होता तो बोलून टाकला. बोलून टाकलेलं बरं असतं. मी म्हटलं, "मी येतो. पण पीरमहंमद, माझा अपमान भरल्या गाडीत झाला. तू एकदा भरल्या गाडीत म्हण, चुकलं. मग माझं मन निर्मळ होईल."

मालनबाई म्हणाली, "अवं..." आणि थांबली.

पीरमहंमद म्हणाला, "त्यात काय शेठ. सोमवारी येतो."

चहा अर्धाच प्याला.

सोमवार, १५ जानेवारी

तो आला. सातच्या गाडीत चढला, पुंजारामची परवानगी मागून. माझ्या खिडकीशी उभा राहिला, हात जोडले. "शेठ, त्या दिवशी माझं चुकलं. तुमची जागा होती." स्वच्छ, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, थांब्याचं नाव पुकारतो त्या आवाजात.

मला वाटलं होतं लोक हसतील, एखादा "शाब्बास" म्हणेल, मीही दोन गोड शब्द बोलेन. सगळे खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हटलं, "झालं गेलं." तो उतरला. गाडी निघाली. शेजारी बसलेला मास्तर नेहमी माझ्याशी नगरपर्यंत गप्पा मारतो, तो आज वर्तमानपत्र वाचत होता. कालचं.

असो. माझ्या मनातला खडा गेला. पंचवीस तारखेला डायरी घेऊन जायचं.

गुरुवार, २५ जानेवारी

क्रमाने लिहितो.

इस्त्रीचा कोट घातला. डायरी फडक्यात बांधून घेतली. साडेसहाला स्टँडवर जाऊन माझा रुमाल मीच खिडकीतून टाकला, तिसऱ्या. मग चहाला गेलो. चहा घेतल्याशिवाय मला गाडी चढवत नाही, तीस वर्षांची सवय. हॉर्नची वाट पाहत होतो. हॉर्न आता कोण देणार, हे लक्षातच राहिलं नाही. घंटी ऐकली तसा धावलो.

पुंजाराम दारात आडवा हात धरून उभा. "बारावा चालत न्हाई. उबे अकरा झाले."

"माझी जागा आहे आत. रुमाल आहे."

"रुमाल हे घ्या." त्याच्या हातात चार-पाच रुमाल होते, गाडीभरचे गोळा केलेले. "वळखून घ्या आपापला. रुमाल बंद. अकराच्या वर बंद. घाटातला थांबा बंद. वरनं कागद आलाय, हितल्याच कुना शहाण्याच्या तक्रारीवरनं."

मी म्हटलं, माझं काम कचेरीत आहे, एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "हितं समद्यांचाच नोकरीचा प्रश्न हाय. माजा बी." दार लावलं. नियमानेच वागला, त्याला बोल लावता येत नाही.

गाडीमागोमाग एक ट्रक आला, मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, पोती भरलेला. नगरलाच निघालेला. घाटातली माणसं पोत्यांवर बसली होती, आता गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही म्हणून. दगडाबाई होती. पायाची चिंधी अजून होतीच. मला बघून तिने ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली, ट्रक थांबवला. "दादा, नगरला जायाचं ना? पीरूभाऊच्या कामाला? या की वर. जागा करती." आणि खरंच सरकली. तिच्या शेजारचे दोघंही सरकले. एकाने हात खाली दिला.

मी त्या हाताकडं बघत उभा राहिलो. इस्त्रीचा कोट. साहेबासमोर भुसा लावून कसं जायचं? साक्षीदाराचं वजन राहायला नको? आणि खरं सांगायचं तर, अशाच पोत्यांवरून खाली उतरायला मला तीस वर्षं लागली आहेत. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी नऊच्या गाडीनं येतो."

"नऊची भरून येती, दादा."

"बघू."

हात क्षणभर तसाच राहिला. मग ट्रक गेला.

नऊची भरूनच आली, थांबली नाही. साडेअकराच्या गाडीत शिरलो. दोन वाजता कचेरी. पीरमहंमद व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला. "आलात, शेठ," म्हणाला. उशीर का झाला, हे विचारलं नाही.

आतला कारकून म्हणाला, "तक्रारदार गैरहजर, म्हणून तक्रार कायम. साडेबाराला साहेब दौऱ्यावर गेले." मी फडकं सोडून डायरी पुढं केली. त्याने दोन बोटांनी पान उलटलं. "ही तर खाजगी वही आहे. यात काय, कुणीही काहीही लिहील."

परतीच्या गाडीला पीरमहंमदने माझ्यासाठी दार धरलं. स्वतः नंतर येतो म्हणाला.

सोमवार, १९ फेब्रुवारी

मी दोन अर्ज पाठवले होते. उत्तर नाही. आज छगनने सांगितलं, पीरमहंमदला कामावरून कमी केलं. सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

मालनबाईला म्हटलं, मी ट्रकने गेलो असतो तर... तिने पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाली, "जेवून घ्या. ताट वाढलंय." आणि मागच्या दारी जाऊन बसली. नेहमी समोर बसते.

सगळा दोष माझाच आहे असं मला वाटत नाही. गाडीत आता शिस्त आली आहे. अकराच उभे असतात. कुणी खिडकीतून येत नाही. पण कुणी कुणाशी बोलतही नाही. दोन तास नुसतं इंजिन ऐकू येतं.

गुरुवार, १५ मार्च

नगरहून चारच्या गाडीने आलो. सायकलच्या रिमांचं ओझं होतं दोन्ही हातांत, स्टँडवर पोचायला उशीर झाला. चढलो तेव्हा सगळे बाक भरलेले. रीम खाली ठेवायलाही वाव नव्हता. मी दांडीला धरून उभा राहिलो.

"शेठ, इकडं या."

पीरमहंमद. दाढी वाढलेली, सदऱ्यावर पांढरी भुकटी. घाटात खडीवर आहे, दगडाबाईच्या टोळीत. दुसऱ्या नोकरीचा अर्ज द्यायला नगरला आला होता म्हणे. तो उठून उभा राहिला होता आणि बाकावरची भुकटी हाताने झटकत होता.

"बसा. ओझं आहे तुमच्याकडं."

मी म्हटलं, नको, नको. तो म्हणाला, "बसा हो, गाडी सुटेल." पुंजाराम बघत होता, सगळे बघत होते. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. बसलो.

तो माझ्या बाकाच्या दांडीला धरून उभा. तिकिटांच्या पेटीच्या कातडी पट्ट्याने एक खांदा उतरला होता त्याचा, तो अजून तसाच उतरलेला आहे. भिंगारला एक म्हातारी चढली, तर त्याने कोपराला हात दिला, "आई, पायरी उंच आहे." कौडगाव जवळ आलं तसं त्याच्या तोंडून निघालं, "चला, कौडगाव, कौडगाव." पुंजाराम म्हणाला, "ए, तू कशाला वरडतो?" पीरमहंमद म्हणाला, "चुकलं, भाऊ." तेच शब्द, पण या वेळी हळू. मला ऐकू गेले.

मला बोलायचं होतं. शब्द जुळवत होतो तोवर घाट चढून गेलो. खडीचे ढीग मागं पडले, तंबूंच्या चुली दिसल्या, गाडी थांबली नाही. मी म्हटलं, "अरे, तुझं उतरायचं मागं गेलं."

"करंजीला उतरतो, शेठ. मागं चालत येतो. अर्धा-पाऊण तास लागतो. घाटातला थांबा बंद आहे ना."

टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. टोमणा नव्हता.

करंजीला माझ्या शेजारचा माणूस उतरला. मी सरकून जागा केली, म्हटलं, "पीरमहंमद, आता तरी बस की क्षणभर." तो म्हणाला, "आलंच माझं. तुम्ही नीट बसा, रीम पायावर पडेल." आणि रीम माझ्या गुडघ्यापासून सरळ करून ठेवले, उतरला.

शेजारची जागा मोकळी राहिली. माणसं उभी होती. मी दोघांना म्हटलं, बसा. एक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या," दुसऱ्याने ऐकलं नाही. तिसगाव गेलं. पाथर्डी आलं तरी कुणी बसलं नाही.